बोटीवरच्या मोकळ्या वेळाचे काय करावे?

आठबारा_चिपळूण

नमस्कार. एका बल्क कॅरिअरवर, म्हणजे धान्य-कोळशासारखा सुटा माल नेणाऱ्या बोटीवर, थर्ड ऑफिसर म्हणून पहिले कॉन्ट्रॅक्ट पूर्ण करून मी महिन्यापूर्वी चिपळूणला घरी आलो. पुढच्या महिन्यात पुन्हा साइन ऑन करायचे आहे. त्याआधी बोटीवर दिवस काढलेल्या किंवा काढत असलेल्या मंडळींचा सल्ला हवा आहे.

माझी वॉच, म्हणजे बोट चालवण्याची पाळी, सकाळी आठ ते बारा आणि रात्री आठ ते बारा अशी होती. दुपारी लाइफबोट, अग्निशामक साधने, लाइफजॅकेट यांची तपासणी आणि त्यांची नोंद यांत दोन-तीन तास जात. झोप, जेवण, आंघोळ, कपडे धुणे वजा केले तरी बंदरात नसताना दिवसाला साधारण चार तास माझ्या हाती उरत असत. सहा महिन्यांचा हिशेब केला, तर हा वेळ काही शे तास भरतो. तो सगळा मी केबिनचे दार लावून, हार्डडिस्कवर भरून नेलेल्या मालिका पाहण्यात घालवला. घरी आल्यावर आईने सहज विचारले, "एवढी दुनिया फिरलास, काय काय पाहिलेस?" मला तिला सांगण्यासारखे फारसे काही आठवले नाही, आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटले.

बरोबर चार-पाच पुस्तके नेली होती, त्यांतले एकही निम्म्यापुढे गेले नाही. व्यायाम आठवडाभर केला, मग बोट लाटांत डोलायला लागली आणि तो सुटला तो सुटलाच. पुढच्या परीक्षेचा अभ्यास करायचे ठरवले होते, पण वॉचवरून उतरल्यावर डोके चालत नसे. किनाऱ्यावर मी इतका आळशी नाही. मग बोटीवर मोकळा वेळ मिळूनही तो हातून का निसटतो आणि तो कसा वापरावा, हे अनुभवी लोकांनी सांगावे ही विनंती.

निवृत्त_कप्तान_देवगड

तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण आमच्या काळी हा प्रश्न विचारायला फार उशीर होत असे. मी बत्तीस वर्षे समुद्रावर काढली आणि त्यांतली पहिली आठ-दहा वर्षे तुमच्यासारखीच घालवली. त्यामुळे मनात जो अपराधीपणा आहे तो आधी बाजूला ठेवा. त्याचा पुष्कळसा भाग आळसाचा नसून थकव्याचा आहे.

पहिली गोष्ट झोपेची. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार कोणत्याही चोवीस तासांत किमान 10 तास आणि कोणत्याही सात दिवसांत किमान 77 तास विश्रांती मिळायला हवी. ही विश्रांती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत विभागता येत नाही आणि त्यांतला एक तुकडा किमान सहा तासांचा असावा लागतो. हे आकडे तुम्हाला परीक्षेसाठी पाठ असतीलच, पण तरुण अधिकारी त्यांचा अर्थ चुकीचा लावतात. विश्रांतीचे दहा तास म्हणजे छंदाचे दहा तास नव्हेत. आठ-बाराची वॉच करणाऱ्याला मध्यरात्रीनंतर सलग सात तास झोप मिळू शकते. बारा-चारवाल्या सेकंड ऑफिसरला हे सुख नसते, कारण त्याची झोप दोन ठिकाणी तुटते. पूर्वेकडे जाताना घड्याळ पुढे करावे लागते आणि तो तास बहुतेकदा झोपेतूनच जातो. बंदरात सहा तास काम आणि सहा तास सुट्टी अशी पाळी लागली की सगळेच कोलमडते. म्हणून माझा नियम असा होता की बंदरातले दिवस आणि बंदर सोडल्यानंतरचे दोन दिवस मोकळ्या वेळाच्या हिशेबात धरायचेच नाहीत. त्या दिवसांत फक्त झोपायचे. तिसऱ्या दिवशी डोके आपोआप ताळ्यावर येते आणि पुस्तक उघडावेसे वाटते.

दुसरी गोष्ट, मोकळा वेळ चार तासांचा दिसत असला तरी तो सलग मिळत नाही. अर्धा तास इथे, पाऊण तास तिथे आणि मध्येच ड्रिलची घंटा, असा तो असतो. जाडजूड कादंबरी अर्ध्यावर राहते ती याच कारणाने. जे काम अर्ध्या तासात थांबवता येते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलता येते, तेच बोटीवर तडीस जाते. अभ्यासही असाच करावा. दुपारच्या जेवणानंतर चाळीस मिनिटे एकच प्रकरण घ्यावे आणि पुस्तक मिटावे. रात्रीच्या वॉचनंतर अभ्यासाला बसू नये, तो टिकत नाही.

आता माझ्या आवडीची गोष्ट सांगतो, थोडा विस्तार सहन करावा. तुम्ही मध्यरात्री वॉच सोपवता तेव्हा तुमचे डोळे चार तास अंधाराला सरावलेले असतात. शहरातला माणूस यासाठी गाडी करून लांब डोंगरावर जातो. वॉच रीतसर सोपवून झाली की लगेच केबिनचा दिवा न लावता ब्रिज विंगवर (बोट चालवण्याच्या खोलीच्या बाजूच्या सज्ज्यावर) पंधरा मिनिटे उभे राहा. वॉचवर असताना मात्र हे करू नये, तेव्हा डोळे क्षितिजावर आणि रडारवरच हवेत.

नॉटिकल अल्मनॅकमध्ये, म्हणजे दर्यावर्दींच्या पंचांगात, 57 निवडक ताऱ्यांची यादी असते. तुम्ही ती सिरियस, कनोपस, व्हेगा अशी पाठ केली असेल. तीच यादी आपल्या नावांनी पुन्हा शिका. सिरियस म्हणजे व्याध, कनोपस म्हणजे अगस्ती, व्हेगा म्हणजे अभिजित, आर्क्टुरस म्हणजे स्वाती, स्पायका म्हणजे चित्रा, अँटारेस म्हणजे ज्येष्ठा, रेग्युलस म्हणजे मघा आणि अल्डेबरान म्हणजे रोहिणी. माझ्या आजीला ही नक्षत्रे पेरणीपाण्याच्या हिशेबाने ठाऊक होती. तिचेच आकाश मी सेक्स्टंटने (ताऱ्यांची उंची मोजण्याच्या यंत्राने) मोजतो आहे, हे कळायला मला कप्तान व्हावे लागले. कोकणातून अगस्ती दक्षिण क्षितिजावर जेमतेम 20 अंश चढतो. केप ऑफ गुड होपला वळसा घालताना तोच तारा 70 अंशांच्या वर, जवळजवळ डोक्यावर येतो, आणि ध्रुवतारा तर विषुववृत्तापाशीच मागे बुडालेला असतो. लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे 2023 च्या अखेरीपासून अनेक बोटी सुएझ सोडून केपच्या वाटेने गेल्या. त्या लांबलेल्या दिवसांबद्दल लोक कुरकुर करतात हे मला समजते, पण अगस्ती माथ्यावर पाहायचा असेल तर तीच वाट चांगली.

एक साधी वही ठेवा. रोज एक तारा, त्याची उंची, बोटीचे अक्षांश आणि त्या दिवशी पाहिलेली एक गोष्ट एवढेच लिहा. आईच्या प्रश्नाला उत्तर त्या वहीतून मिळेल.

ईटीओ_सातारा

कप्तानसाहेबांचे म्हणणे पटले, पण एक भर घालतो. आम्हा इंजिनरूमच्या लोकांना आकाश सहजी दिसत नाही. दिवसभर खाली कानांवर मफ लावून काम करायचे, वर यायचे, जेवायचे आणि झोपायचे. मी इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे आणि सलग तीन आठवडे समुद्र न पाहिल्याचे मला आठवते, तेही समुद्राच्या मधोमध असताना. म्हणून मी एक नेम केला की संध्याकाळी काम संपल्यावर सूर्यास्ताआधीचा अर्धा तास दुर्बीण घेऊन डेकवर जायचे आणि पक्षी पाहायचे.

समुद्रावर पक्षी नसतात असा समज आहे. प्रत्यक्षात बूबी नावाचे मोठे पक्षी तासन्‌तास बोटीच्या पुढच्या टोकाबरोबर उडतात. बोटीच्या नाकाने पाणी फाटले की उडणारे मासे घाबरून बाहेर झेपावतात आणि बूबी त्यांच्यावर सूर मारतात. पहाटे डेकवर मरून पडलेले उडते मासे तुम्ही पाहिले असतील. दिवसा तीच शिकार डोळ्यांसमोर चालते. पावसाळ्यात अरबी समुद्रात विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल दिसतो. तो आपल्या चिमणीपेक्षा थोडाच मोठा असतो, पाण्यावर पाय टेकवत नाचल्यासारखा उडतो आणि त्याची वीण होते थेट अंटार्क्टिकाच्या परिसरात. एवढासा जीव तिथून आपल्या समुद्रात येतो, हे कळल्यावर मी तो पक्षी दिसला की हातातले काम टाकून उभा राहतो.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भारत आणि आफ्रिकेच्या दरम्यान तुमची बोट असेल, तर आणखी दोन प्रवाशांकडे लक्ष ठेवा. एक अमूर ससाणा. तो सायबेरिया आणि उत्तर चीनकडून येतो, नागालँड-मणिपुरात मोठ्या थव्यांनी थांबतो, भारत ओलांडतो आणि मग अडीच-तीन हजार किलोमीटरचा अरबी समुद्र न थांबता पार करून आफ्रिकेत उतरतो. 2013 मध्ये नागालँडमध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले होते, त्यावरून हा मार्ग स्पष्ट झाला. लोणावळ्याच्या पठारावर हिवाळ्याच्या सुरुवातीला पक्षिमित्र ज्यांची वाट पाहतात ते हेच ससाणे. दुसरा प्रवासी म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यानंतर अंगणात घिरट्या घालणारा पिवळसर चतुर. हा जेमतेम पाच सेंटिमीटरचा कीटक वाऱ्याच्या साहाय्याने मालदीववरून पूर्व आफ्रिकेकडे जातो असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर तो रेलिंगवर बसलेला मी स्वतः पाहिला आहे.

नोंदी ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर टाकता येतात. त्यासाठी त्या क्षणी इंटरनेट लागत नाही. वेळ, जीपीएसवरचे स्थान आणि पक्ष्यांची संख्या कागदावर लिहून ठेवावी आणि नेट मिळाले की भरावी. बोट सतत पुढे सरकत असल्याने तासाभरापेक्षा मोठी यादी एकत्र करू नये, नाहीतर स्थानाचा घोळ होतो. भर समुद्रातल्या नोंदी मुळात थोड्या असतात, आणि आपल्यासारख्यांना तर तिथे जाण्याचा पगार मिळतो. थकलेला पक्षी डेकवर उतरला तर त्याला पकडण्याच्या मागे लागू नका. सावलीत उथळ भांड्यात पाणी ठेवा आणि बाजूला व्हा.

डेकवर जाण्यापूर्वी ब्रिजला कळवा, ही सूचना तुम्हाला देण्याची गरज नसावी, पण मोकळ्या वेळात माणसे हीच गोष्ट विसरतात. हवा खराब असेल तर जाऊच नका. होल्डमध्ये (मालाच्या कोठारात) धान्य असेल आणि प्रवासातच कीड मारण्याची धुरी चालू असेल, तर हॅचच्या (कोठाराच्या झाकणाच्या) आसपास व्यायामाच्या फेऱ्या मारू नका, कारण धुरीचा फॉस्फिन वायू जीवघेणा असतो.

सारंग_हर्णै

वरच्या दोघांचे लिहिणे वाचून आनंद झाला, परंतु त्यांनी सांगितलेले सगळे एकट्याने करायचे आहे. मी बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम आहे. माझे आजोबा आगबोटींवर सारंग होते, म्हणजे तेच काम करत. त्या काळी डेकवर सारंग, तांडेल (त्याचा मदतनीस), सुकाणी (सुकाणू धरणारा), कसाब (सामान सांभाळणारा) आणि खाली आगवाले (भट्टी सांभाळणारे) अशी सगळी माणसे एकाच खणात दाटीने राहत. जागा अपुरी होती, अन्न बेताचे होते, त्या हालांची मला आठवण काढायची नाही. पण आजोबा सांगत की संध्याकाळी कोणी एकटा नसे. आज प्रत्येकाला स्वतंत्र केबिन आहे, ही चांगली गोष्ट झाली, आणि त्याच केबिनचे दार बंद झाल्यापासून मेसरूम ओस पडली आहे. बावीस माणसांच्या बोटीवर मी असे खलाशी पाहिले आहेत, ज्यांच्याशी कामाव्यतिरिक्त महिनाभर कोणी चार वाक्ये बोललेले नाही. मला या गोष्टीची खरी काळजी वाटते.

म्हणून थर्डसाहेब, माझे सांगणे एवढेच की तुमच्या चार तासांतला एक तास मेसरूमला द्या. वॉचवर नसाल तेव्हा केबिनचे दार उघडे ठेवून आकडीला अडकवा. बोटीवर उघडे दार म्हणजे आत या असा निरोप असतो आणि तो सगळ्या देशांच्या माणसांना कळतो. फिलिपिनो मंडळी असतील तर कॅराओके असणारच. गाता येत नसले तरी जाऊन बसा. कॅरमबोर्ड नांगरावर असतानाच लागतो, कारण बोट डोलायला लागली की सोंगट्या स्वतःच खेळतात. त्यासाठी लोहचुंबकाचा बुद्धिबळपट बरोबर न्यावा. पत्ते केव्हाही चालतात. आमच्या मागच्या बोटीवर रविवारी संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या भाषेतली एक म्हण सांगून तिचा अर्थ समजवायचा, असा पायंडा चीफ कुकने पाडला होता. युक्रेनचा सेकंड इंजिनीअर, जो एरवी मान वर करत नसे, तो त्या तासाची वाट पाहू लागला.

दिवाळी बोटीवर आली तर आकाशकंदील करा. एक्डिस (संगणकावरचे सागरी नकाशे) आल्यापासून कागदी चार्ट मागे पडले, तरी पुष्कळ बोटींवर रद्द झालेले चार्ट पडून असतात. सेकंड ऑफिसरला विचारून त्यांतले दोन घ्यावेत, वेल्डिंगच्या तारेचा सांगाडा करावा आणि आत छोटा एलईडी दिवा सोडावा. मेणबत्ती अजिबात लावू नये. आमच्या कंदिलावर मलाक्काची सामुद्रधुनी आली होती, दिवा लावल्यावर समुद्राच्या खोलीचे आकडे उजळून निघायचे. तो करायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या आणि त्या चारही संध्याकाळी मेसमध्ये सात-आठ माणसे होती.

आणि हाताला काम हवे असेल तर गाठी शिका. प्रत्येक बोटीवर एखादा जुना एबी (अनुभवी खलाशी) असतो, ज्याला टर्क्स हेड (पगडीसारखी गोल विणलेली गाठ), मॅट, घंटेची दोरी विणता येते आणि ज्याला कोणी विचारत नाही. त्याला विचारा. तो अधिकारी आणि खलाशी हा भेद बाजूला ठेवून शिकवील.

अलिबागची_सून

मी बोटीवर काम करत नाही, पण माझे यजमान अकरा वर्षे चीफ कुक आहेत. इथे घरच्या बाजूने काही लिहावेसे वाटते.

लग्न झाले तेव्हा त्यांचा फोन बंदरात बोट लागली की येत असे, म्हणजे कधी पंधरवड्याने, कधी तीन आठवड्यांनी. मागच्या दोन कॉन्ट्रॅक्टपासून बोटीवर उपग्रहाचे चांगले इंटरनेट आहे. खलाशांना संपर्काची सोय मिळावी, अशी दुरुस्ती सागरी कामगार करारात होऊन ती 23 डिसेंबर 2024 पासून लागू झाली. तिचे मोल आमच्यासारख्या घरांना विचारावे. मुलीला ताप आला तेव्हा मी त्यांच्याशी बोलू शकले, यापेक्षा मोठी सोय कोणती?

तरीही एक गोष्ट आम्हाला चुकतमाकत शिकावी लागली. सुरुवातीला दिवसभर संदेश चालत. भाजी काय केली, वीज गेली, शेजारी काय म्हणाले, सगळे. त्यांची सुट्टीची प्रत्येक घटका फोनमध्ये जाई. घरातली लहानसहान कटकट त्यांना तिथे बसून सोडवता येत नसे आणि तिची काळजी मात्र रात्रभर पुरत असे. मग आम्ही ठरवले की निकडीचे काम सोडून आठवड्यातून तीनदा, ठरलेल्या वेळी, निवांत बोलायचे. बोटीचे घड्याळ बदलले की ते आदल्या दिवशीच कळवतात, म्हणजे आमचे जेवण त्या वेळेआधी उरकते. या बदलानंतर बोलणे कमी झाले नाही, नीट होऊ लागले.

आणखी एक गोष्ट त्यांची त्यांनीच काढली. दुपारच्या सुट्टीत ते फोनवर मुलीसाठी गोष्ट वाचून ध्वनिमुद्रित करतात. पाच-सहा मिनिटांची गोष्ट, मागे इंजिनाची घरघर, कधी मध्येच कोणीतरी दार ठोठावते. नेट असेल तेव्हा सगळ्या गोष्टी एकदम पाठवतात. मुलगी रोज एक ऐकून झोपते. ते म्हणतात, वाचायची सवय मला मुलीमुळे लागली, कारण गोष्ट आधी स्वतः वाचून पाहावी लागते. आठबारा, तुमच्या आईला तुमच्या वहीतले पान तुम्ही असेच वाचून पाठवले तर ते घरी आल्यावर सांगण्यापेक्षाही त्यांना जवळचे वाटेल, असे मला वाटते.

आठबारा_चिपळूण

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमची सूचना आईला वाचून दाखवली. तिने लगेच "रोज नको, आठवड्यातून एकदा पाठव, पण मोठे पाठव" असे सांगून टाकले.

मी असे ठरवतो आहे: वॉचनंतर पंधरा मिनिटे आकाश आणि वही, दुपारच्या जेवणानंतर चाळीस मिनिटे अभ्यास, आणि संध्याकाळी एक तास मेसरूम किंवा डेक. मालिका पूर्ण बंद कराव्यात का, याबद्दल मात्र मनाचा निर्णय होत नाही. सारंगकाका, गाठी शिकायच्या तर इथून दोरी न्यावी का, की बोटीवर मिळते?

निवृत्त_कप्तान_देवगड

मालिका बंद करू नका. खराब हवेत तीन दिवस बोट हेलकावे खात असते तेव्हा वाचता येत नाही, लिहिता येत नाही आणि डेकवरही जाता येत नाही. ते दिवस त्यांच्यासाठी राखून ठेवा. रोजच्या वेळापत्रकातली तुमची अभ्यासाची वेळ मला ठीक वाटते, फक्त बंदरानंतरचे दोन दिवस त्यातून वगळायला विसरू नका.

सारंग_हर्णै

दोरी इथूनच न्यावी. बोटीवरच्या नांगरदोऱ्या कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या शिकाऊ हाताला निसरड्या वाटतात आणि त्यांचे तुटलेले तंतू वाऱ्याने पाण्यात गेले तर ते प्लॅस्टिकच समुद्रात टाकल्यासारखे होते, ज्याला मार्पोल या सागरी प्रदूषणविरोधी कराराची सक्त मनाई आहे. चार मिलिमीटर जाडीची सुती दोरी वीस मीटर घ्या. फार गुळगुळीत नको, थोडी खरखरीत असली की गाठ धरून राहते आणि चुकली तर उकलताही येते. पहिली टर्क्स हेड पाण्याच्या बाटलीभोवती बांधून पाहा, तो आकार हाताला सोपा जातो.